कपाळाखालची चुंबळ

"सलीमभाई, उजव्या डोळ्याचा पडदा सुटलाय. आता घरी जाऊ नका. उद्या सकाळी ऑपरेशन करावं लागेल."

पनवेलच्या डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडम हे सांगत होत्या तेव्हा माझ्या खिशात मोबाइल थरथरत होता. एका कुटुंबाला संध्याकाळी एअरपोर्टला सोडायचं होतं. मी मॅडमना म्हटलं, "परवा केलं तर नाय चालणार? दोन ट्रिपा घेतल्यात."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. "परवापर्यंत डोळा वाचेल का, ते मी नाही सांगू शकत. डोळा गेल्यावर ट्रिपा कशा मारणार?"

खरं सांगतो, तेव्हा पहिल्यांदा मी ट्रिपा विसरलो. एका डोळ्याच्या माणसाला पॅसेंजरची गाडी चालवायला कोण देणार? आणि गाडीशिवाय मला दुसरं काहीच येत नाही.

मी रोह्याचा. माझ्याकडे सात सीटची एक गाडी आहे आणि वीस वर्षं एकच धंदा. आपल्याकडची जी माणसं आखातात नोकरीला आहेत, त्यांना मुंबईच्या एअरपोर्टला सोडायचं आणि सुट्टीला आली की आणायचं. रोहा, नागोठणे, पेण, सगळीकडची गिऱ्हाइकं. माझं नाव होतं ते वेगासाठी. "सलीमची गाडी म्हणजे विमानाच्या आधीचं विमान," असं लोक म्हणायचे आणि मी कॉलर ताठ करायचो. जेवण गाडीतच, तेही पाच मिनिटांत. नमाज पेट्रोल पंपावर, रांगेत नंबर येईपर्यंत. घरी फक्त झोपायला आणि कपडे बदलायला जायचो.

हे लिहितोय ते एवढ्यासाठी, की मी जो मूर्खपणा केला तो तुम्ही करू नका. आठ दिवस आधीपासून डोळ्यासमोर काळे ठिपके आणि धाग्यासारखं काहीतरी तरंगत होतं. याला फ्लोटर्स म्हणतात, म्हणजे डोळ्यातल्या जेलीत तरंगणारा कचरा. मला वाटलं काच घाण झालीय. तीनदा धुतली. तरी ठिपके जाईनात, तेव्हा नवे वायपर टाकले! मग उजव्या बाजूला वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं. मला वाटलं मागचा कोणीतरी ओव्हरटेकसाठी डिपर मारतोय. मी मुकाट्याने बाजू द्यायचो. आरशात बघावं तर मागे चिटपाखरू नाही.

शेवटी रामवाडीजवळ उजवीकडून आलेली रिक्षा मला दिसलीच नाही. एका कोपऱ्यात काळी सावली होती आणि रिक्षा त्या सावलीतून बाहेर पडली. करकचून ब्रेक मारला. रिक्षावाल्याने माझ्या सात पिढ्या काढल्या, आणि बरोबरच होतं त्याचं. गाडीत पाच माणसं होती. त्यांना सोडलं आणि परतीच्या वाटेवर पनवेलला सरळ डॉक्टरकडे गेलो. ठिपके, चमक, सावली, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी जा. काचा नंतर धुवा.

रेटिना डिटॅचमेंट हे आजाराचं नाव. मॅडमनी चित्र काढून समजावलं, पण मला कळलं ते गाडीच्या भाषेत. काचेला लावलेली फिल्म कुठेतरी फाटते, आत पाणी शिरतं आणि ती फुगून काचेपासून सुटत जाते, तसा माझा पडदा सुटत होता. मधला भाग, मॅक्युला, ज्याने आपण माणसाचा चेहरा आणि रस्त्यावरची पाटी ओळखतो, तो अजून चिकटलेला होता. सगळी घाई त्याच्यासाठी होती.

माझ्या ट्रिपा सांभाळायला मी गजाननला फोन केला. गजानन म्हात्रे गडबचा, भातशेती करतो आणि शेतीतून वेळ मिळाला की गाडी चालवतो. आमची जुनी दोस्ती. पण त्याचं ड्रायव्हिंग म्हणजे अरे देवा! मी त्याला नेहमी चिडवायचो, "तुझ्या गाडीत बसलेला माणूस व्हिसा संपल्यावर पोचेल." त्या दिवशी तो एवढंच म्हणाला, "मी हाय ना. तू डोला बघ." आणि माझी गाडी घेऊन गेला.

ऑपरेशनला व्हिट्रेक्टॉमी म्हणतात. डोळ्यातली जेली काढतात, फाटलेली जागा लेझरने शिवल्यासारखी करतात आणि आत गॅसचा बुडबुडा सोडतात. दुखलं नाही. इंजेक्शन देऊन डोळा बधिर करतात, तुम्ही जागे असता. भीती मात्र वाटते. मी मनात वाकणपासून पनवेलपर्यंतचे सगळे खड्डे मोजले.

खरी मजा त्यानंतर होती. मॅडम म्हणाल्या, "आता दहा दिवस मान खाली. बसताना खाली, चालताना खाली, झोपताना पालथं. तासाला दहा मिनिटं सुट्टी." का, तर बुडबुडा नेहमी वर जातो. गवंड्याच्या लेव्हलमध्ये बघितला असेल. तोंड जमिनीकडे केलं की डोळ्याचा मागचा भाग वर येतो, बुडबुडा तिथे जाऊन पडद्याला दाबून धरतो आणि पडदा चिकटतो. उंचावर गॅस फुगतो, म्हणून डोळ्यात गॅस असेपर्यंत विमानप्रवास बंद, तसा हिरवा पट्टासुद्धा मनगटावर बांधला. मी म्हटलं, "मॅडम, वीस वर्षं लोकांना विमानात बसवतोय. मी स्वतः एकदा पण बसलो नाय." त्या खूप हसल्या. मी मात्र फक्त त्यांच्या चपला बघत होतो.

घरी आलो तर अम्मा दारात. माझी अम्मा पंच्याहत्तरची आहे आणि तिची जीभ पंचविशीची. माझी अवस्था बघून आधी तिचे डोळे भरले, मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "तुझे सजदे मी बघितलेत हो. कपाळ टेकतंय न टेकतंय तोवर वर. आता पुरे दहा दिवस खाली ठेव." बायको नसीमा आतून "अम्मा, काय बोलता!" म्हणत आली, आणि हसू तिलाही आवरत नव्हतं.

पहिल्या दिवशी मला वेड लागायची पाळी आली. मान मोडून गेली, कपाळावर टेबलाची कड उमटली. डावा डोळा बरा होता, पण त्याला बघायला फक्त फरशी. पाच मिनिटं तासासारखी वाटत होती. मी नसीमावर ओरडलो, पंख्यावर ओरडलो. सारखी एकच भीती, आपण जरा मान वर केली आणि पडदा परत सुटला तर?

दुसऱ्या दिवशी गजाननच्या बायकोने गडबहून दोन चुंबळी पाठवल्या. डोक्यावर हंडा नाहीतर भाताचा भारा घेताना बायका कापडाची गोल गादी ठेवतात, ती. एक कपाळाखाली, एक हनुवटीखाली. आहाहा! नाक मधल्या पोकळीत, मानेला आधार, श्वास मोकळा. शहरात यासाठी खास खुर्ची भाड्याने मिळते म्हणे. माझं काम जुन्या लुगड्याच्या चुंबळीने केलं.

मग अम्माने माझ्या तोंडाखाली तांदळाचं ताट सरकवलं. "एक डोळा चांगला हाय ना? खडे निवड." मी निवडले. नंतर लसूण सोलला. चहा स्ट्रॉने प्यायलो. जेवताना घास पडू नये म्हणून सावकाश जेवावं लागे, आणि तेव्हा मला कळलं की नसीमा वालाच्या आमटीत ओलं खोबरं भाजून घालते. लग्नाला पंधरा वर्षं झालीत. मी तिला विचारलं, "हे कधीपासून?" ती म्हणाली, "पहिल्या दिवसापासून." मला इतकी लाज वाटली की मान खाली होती तेच बरं झालं.

चार दिवसांत मी पायांवरून माणसं ओळखायला लागलो. अम्मा डावा पाय ओढते. शेजारचे चाचा चपला दारात जुळवून ठेवतात. आणि नसीमाच्या टाचा. बापरे, कसल्या फुटल्या होत्या त्या! भेगा पार खोल गेलेल्या. त्या टाचांवर ती दिवसभर घरात फिरत होती आणि पीठ मळताना गुणगुणतही होती, हेही मला नवीनच. मी तिला म्हटलं, "इथे बस, माझ्यासमोर." घरात कोकमाचं तेल होतं, घट्ट वडीसारखं. ते कोमट करून मी तिच्या टाचांना चोळलं. तशीही माझी मान त्याच कामासाठी वाकलेली होती. ती म्हणाली, "पंधरा वर्षांनी आलात एकदाचे पायाशी." माझ्या हातावर पाण्याचा एक थेंब पडला, तो तेलाचा नव्हता. त्या दुपारी मला फार, फार बरं वाटलं. डोळा वाचणार की नाही हे तेव्हाही माहीत नव्हतं, तरीसुद्धा.

सहाव्या दिवशी गजानन आला. माझ्याशी बोलायचं तर माझा चेहरा दिसायला हवा, म्हणून हा जाडजूड माणूस सरळ टेबलाखाली चटईवर उताणा झोपला. मी वरून खाली बघतोय, तो खालून वर. चहाचा कप त्याच्या पोटावर. अम्मा हसून हसून भिंतीला टेकली.

"तुजी गिऱ्हाइकं झोपतात रं माज्या हातात," तो म्हणाला. "पेण यायच्या आत घोरायला लागतात. परवा तो कतारवाला, लेकराला मांडीवर घेऊन असा झोपला, एअरपोर्टला उठवावा लागला. म्हणाला, घरच्यांसोबत दोन तास बरी झोप झाली."

माझ्या गाडीत वीस वर्षांत कोणी झोपलेलं मी बघितलं नव्हतं. मला वाटायचं, घर सोडायचं दुःख, परदेशाचं टेन्शन, म्हणून झोप लागत नसेल. वरच्या दांडीला धरून बसलेले ते सगळे हात मला आठवले. त्यांना माझी भीती वाटत होती! त्यात अम्मा पण होती. एकदाच ती माझ्या गाडीतून पेणला निघाली होती, खालाकडे, म्हणजे तिच्या बहिणीकडे. वाकणच्या वळणावर तिने कलमा पढायला सुरुवात केली ती पेणला उतरेपर्यंत. त्यानंतर ती एसटीनेच जायची. कारण विचारलं की म्हणायची, "एसटीत खिडकी मोठी असते."

गजानन हळूच म्हणाला, "आनि एकानं फोन केला व्हता. पुढच्या येळी पण म्हात्रेभाऊंनाच पाठवा म्हणाला. तुला राग येल म्हणून सांगत नव्हतो." राग आला. अर्ध्या तासाने गेला.

अकराव्या दिवशी पनवेलला तपासणी. वेटिंग रूममध्ये माझ्यासारखीच एक बाई मान खाली घालून बसली होती. मी तिच्या मुलाला चुंबळीची युक्ती सांगितली, आणि त्याने लगेच आईची ओढणी गुंडाळायला घेतली. माझा नंबर आला. मॅडमनी उजेड पाडून डोळा बघितला, परत बघितला. "सलीमभाई, पडदा छान चिकटलाय. मान वर करा."

मी मान वर केली. समोर नसीमा उभी होती. उजव्या डोळ्याला ती पाण्याखालून बघावं तशी दिसत होती, पण दिसत होती. दोघंही रडलो आणि मॅडमनी आम्हाला रडू दिलं.

बुडबुडा जायला आणखी काही आठवडे लागले. डोळ्यात पाण्याची एक आडवी रेघ हलायची, ती रोज खाली उतरायची. मग त्याचा वाटाण्याएवढा गोळा झाला. एके दुपारी नमाजात कपाळ टेकलं तेव्हा तो बरोबर मध्ये आला, आणि मी त्याच्याकडे बघत राहिलो. अम्मा मागून म्हणाली, "ऊठ आता, झोप लागली काय?" दोन दिवसांनी तो नाहीसा झाला. उजव्या डोळ्यात मोतिबिंदू लवकर येईल असं मॅडमनी सांगितलंय. येईल तेव्हा बघू.

गाडी चालवायची परवानगी मिळाली त्या सकाळी मी गाडी पुसत होतो. एअरपोर्टच्या अर्ध्या ट्रिपा आता गजाननच्याच आहेत. तेवढ्यात अम्मा पिशवी घेऊन बाहेर आली आणि पुढचं दार उघडून बसली. मी म्हटलं, "कुठं?"

"पेणला. तुझ्या खालाकडं."

"एसटी?"

"एसटीची खिडकी कुठं पळून जाते? चल."

निघालो. वाकण येईपर्यंत ती बोलत होती, कोणाच्या घरी लग्न, कोणाच्या घरी भांडण. वाकणच्या वळणावर मी गाडी अगदी हळू घेतली. मागचा ट्रक हॉर्न मारत होता. त्याला बाजू दिली. अम्मा काहीच बोलेना, म्हणून मी बघितलं. तिचा हात वरच्या दांडीवर नव्हता. पिशवी मांडीवर, तोंड जरासं उघडं, मान माझ्या बाजूला कललेली. अम्मा माझ्या गाडीत झोपली होती.

गडबला गजानन रस्त्याकडेला उभा होता, चहाला थांब म्हणून त्याने आधीच सांगून ठेवलेलं. मी गाडी लावली. त्याने काचेतून आत बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तोंडावर बोट ठेवलं. खाला तिकडे वाट बघत होती, फोन वाजत होता. मी फोन बंद केला, दार आवाज न करता लोटलं, आणि अम्मा उठेपर्यंत आम्ही दोघं बाहेर उभे राहून चहा प्यायलो.