आईच्या कपाटाचं कुलूप

कुलूपवाल्याने पहिलंवहिलं कुलूप बसवलं ते आपल्याच आईवर. म्हणजे स्वयंपाकघरातल्या कपाटावर, पण अर्थ तोच. दिवसा जेमतेम चार घास खाणारी आई रात्री उठून डबे रिकामे करायची. बाप तिला हावरट म्हणायचा, घर हसायचं आणि हाही हसायचा. आईने कुलूप ओढून पाहिलं, म्हणाली, "छान बसलंय रे. आता तरी सुटेन." कसली सुटते! वारली तीही हावरट म्हणूनच.

आज दुपारी त्याची लग्न झालेली लेक दुकानात आली. बराच वेळ किल्ल्यांशी चाळा करत बसली आणि मग म्हणाली, "बाबा, माझ्या फ्रिजला कुलूप बसवून द्या. रात्री उठून खात सुटते मी. सकाळी मेल्याहून मेल्यासारखं होतं."

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"दाखवलं. म्हणाले, कधीकधी हे रक्तातूनही येत असावं. घरात आधी कुणाला होतं का, विचारत होते. मी म्हटलं, छे, कुणालाच नाही."

त्याने हातातली कानस खाली ठेवली.

"तुझ्या आजीला होतं. आजार होता तो."

"मग तुम्ही काय केलंत?"

भिंतभर कुलपं टांगलेल्या त्या दुकानात त्याला तोंड लपवायला जागा सापडेना.