नेलिदाच्या डोक्यावरचं अंडं

आमच्या कॉलेजात शेवटची परीक्षा पास झाली की फाटकापाशी त्या माणसाला अंड्यांनी आणि मैद्याने बरबटवून काढतात. आमच्या रोसारियो शहरात सगळीकडे हीच रीत. पुसायचं मात्र माझ्या नशिबी! सव्वीस वर्षं मी इथली शिपाईण. वाळलेलं अंडं खरवडताना दिलेल्या शिव्या देवाने ऐकल्या असतील, तर माझी काही धडगत नाही.

नेलिदाच्या वेळी मात्र पुसता पुसता मी रडले.

ही बाई दिवसभर दवाखान्यातल्या चादरी धुवायची आणि संध्याकाळी मास्तरीण व्हायला आमच्याकडे यायची. अकरा वर्षं! वर्गातली कार्टी तिला आजी म्हणायची आणि तिच्याच वह्यांच्या झेरॉक्सवर पास व्हायची. ती स्वतः मात्र तोंडी परीक्षेला तीन मास्तर समोर दिसले की गार. एकेक करत सगळे विषय सुटले, गणित राहिलं. त्या डिसेंबरात जुना अभ्यासक्रम बंद होणार होता. या खेपेला नापास झाली, तर अकरा वर्षं पाण्यात.

परीक्षेला तिचे वडील, आन्सेल्मोकाका, लांबच्या चाको प्रांतातल्या गावाहून बसने आले. मांडीवर बुटांचं खोकं, त्यात भुशात जपून आणलेली घरच्या कोंबड्यांची अंडी.

"अहो काका, अंडी रोसारियोतही मिळतात," मी म्हटलं.

"मिळत असतील. मास्तरीण माझी, तर अंडीही माझीच."

तासाभराने मोठ्या मास्तरांनी निकालाची वही ऑफिसात न्यायला माझ्या हाती दिली. मी ती वाटेत उघडतेच, खोटं कशाला बोलू? नापास. तशीच फाटकाकडे धावले.

उशीर झाला होता. नेलिदा रडत बाहेर आली होती, आणि आमच्याकडे पास झालेलेही रडतच बाहेर येतात. म्हाताऱ्याने तिच्या डोक्यावर अंडं फोडलं. पोरांनी मैदा उधळला, एकच गिल्ला केला.

तिने बोलायला तोंड उघडलं. म्हातारा रडत होता, हसत होता, "तुझी आई हवी होती गं आज!" म्हणत होता. तिने तोंड मिटलं. माझ्या हातातली वही पाहून हळूच 'नको' अशी मान हलवली.

मी वही पाठीमागे लपवली आणि म्हटलं, "अभिनंदन, बाई."

मग दर महिन्याला काकांचा कॉलेजात फोन. "ओफेलियाबाई, आला का हो तिचा कागद?"

"सहीला गेलाय, काका. आमच्या ऑफिसचा कारभार तुम्हाला काय सांगू!"

ऑगस्टमध्ये फोन आला नाही. काका गेले होते.

अंत्यविधी उरकून आली ती नेलिदा थेट माझ्या स्टुलावर येऊन बसली.

"गावातले लोक 'बाई आल्या' म्हणत उठून उभे राहत होते," ती म्हणाली. "शेजारणीने तिची पोर पुढे केली. म्हणाली, हिचं वाचन जरा बघा. बाबांच्या शवपेटीशेजारी बसून बघितलं. अडत होती, तिथे समजावून सांगितलं. शेवटी सगळं पान न अडखळता वाचलं तिने."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"चांगली शिकवते हो मी, ओफेलियाबाई," ती म्हणाली आणि हमसून हमसून रडायला लागली.