उपासाचा चिकू

बाळांनो, पिकलेल्या चिकूचा वास आला की मला मसोलीच्या घरातलं एक नवरात्र आठवतं. माझ्या धाकट्या जावेला सुजलेल्या सांध्यांसाठी स्टेरॉइडची गोळी रोज सकाळी चालू होती. ‘उपाशीपोटी घेऊ नका,’ असं डॉक्टरांनी बजावलेलं. उपासात ती दिवेलागणीपर्यंत काही खात नसे, म्हणून तिने गोळीच सोडली आणि पाचव्या माळेला देवीपुढे चक्कर येऊन पडली. “ही गोळी एकदम बंद केली तर जिवावर बेततं, हळूहळूच कमी करायची,” डहाणूच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. शुद्धीवर येताच जाऊ पुटपुटली, “आई, सलाईनने उपास मोडला का?” सासूबाईंनी पिशवीतून चिकू काढून सोलला. “फळाला देवी नाही म्हणत नाही. खा, आणि गोळी घे.” ती हसली, आणि चिकू खाऊन तिने गोळी घेतली. आता गोळ्या मला आहेत, आणि सकाळी जावेचा फोन येतो, “ताई, आधी चिकू खाल्लात ना?”