अर्ध्या कांडाची सावड

लोणावळ्याजवळच्या कुरवंडे गावची मावशी माझी नात्यानं कुणी नव्हती. तिच्या पडवीलगतच्या खोलीत आम्ही नवरा-बायको भाड्यानं राहायचो, एवढंच. पण एका उन्हाळ्यात आमची चूल पेटती राहिली ती तिच्यामुळं. म्हणून आधी तिची आठवण काढते, झालं ते मग सांगते.

मी बार्शीकडची, चौथीत शाळा सुटलेली. रेशनवर परदेशी लाल मिलो ज्वारी मिळायची ती वर्षं. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, लोणावळ्याला रेल्वेत हंगामी कामावर होते. आषाढात रुळांखालचे स्लीपर उतरवताना त्यांचा पाय मोडला. काम नाही तर पगार नाही. गावी परतावं तर दिरांनी वाटण्या करून आमचं अंथरूण कधीच बाहेर काढलेलं. मी मावशीच्या भातलावणीला जाऊ लागले, त्यावर जेवण भागायचं. पण लावणी न् कापणी सरल्यावर काय, हा घोर जीव खायचा.

त्या साली शेतकी खात्याच्या माणसानं मावशीला सुधारित साबुकंदाचं एक लांबलचक कांड, म्हणजे लावायचं खोड, दिलं होतं. ज्याचा साबुदाणा करतात तोच कंद. तिनं कोयत्यानं ते मधोमध तोडलं आणि अर्धं माझ्या हातात ठेवलं.

"आता काम हाय गं. शिमग्यानंतर काय खाशील? त्याची सोय आत्ता लाव."

जागा दिली ती राबाची. उन्हाळ्यात शेण, पाला, गवत अंथरून भाजलेला उताराचा तुकडा. त्यावर भाताची रोपं करायची, ती उपटून नेली की तो नुसता पडून राहायचा. मावशीचं म्हणणं, राखेतलं निम्मं बळ अजून तिथंच आहे, ते पावसाबरोबर ओढ्याला का घालवायचं?

कांडाचे डोळे राखून तुकडे केले, लावले, आणि माहेरच्या सवयीनं प्रत्येकाभोवती छान आळं केलं. आमच्याकडं पाणी अडवणं हेच शहाणपण. रात्रंदिवस पाऊस कोसळला. आळी तुडुंब भरली, तुकडे काळे पडायला लागले. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. मावशी आली आणि पायानंच आळी फोडत सुटली.

"तुमच्याकडं पान्याला धरून ठिवावं लागतं, हितं वाट दावावी लागती. पावना हाय त्यो, मुक्कामाला न्हाई ठिवायचा."

मग तिनं एकेक तुकडा उपसला, नासलेलं टोक छाटलं, चांगलं तेवढं मातीच्या उंच ढिगावर तिरकं खोचलं. छाटलेलं शेणखईत, खताच्या खड्ड्यात गेलं. एवढ्याशा तुकड्यांतूनही पानं फुटली, तेव्हा मला हात जोडावेसे वाटले.

शिमगा झाला. मालक काठी घेऊन अंगणापर्यंत यायचे, कामावर जायचे दिवस लांबच होते. डबा रिकामा झाला त्या दिवशी मी पहिलं झाड उपटायला गेले, तर मावशीनं सगळी उपटू दिली नाहीत. लागेल तेवढंच काढ म्हणाली, बाकीचं भुईत राहू दे, भुईसारखी कणगी नाही. कंद सोलून उकडायचा, त्याचं कडवट पाणी फेकायचं, मिरचीचा ठेचा लावून खायचा. साली वाळवून पुढच्या राबावर. कोवळं खोड कुंपणाला, जून खोड बियाण्याला सावलीत उभं. वाळका तुकडा चुलीत, आणि त्याची राख परत राबात. काहीच कुठं संपत नव्हतं. मी पोटासाठी खात होते, पण बघत होते ते काहीतरी फार मोठं होतं.

कंदांवर आम्ही तगलो. मालक कामावर रुजू झाले, पुढं बदलीनं आम्ही दौंडला गेलो. निघताना मी विचारलं, मावशी, तुमचं कसं फेडू? ती हसली. "कंद मोजू नगं. हितं कामाची फेड कामानं व्हती. सावड म्हनत्यात तिला."

ती सावड अजून माझ्या अंगावर आहे. मावशी आता थकली असेल. गुडघे चालतात तोवर एका उन्हाळ्यात जाईन, तिच्या राबाला पाल्याचे भारे वाहीन, आणि राब भाजून होईपर्यंत परतणार नाही.