मीटिंगमधली दुसरी मुक्ताबाई

दीक्षा सोलापूरच्या भवानी पेठेतल्या एका महिला केंद्रात समुपदेशक होती. घरात मार खाणाऱ्या ज्या बायकांना केंद्रात येता येत नसे, त्यांच्याशी ती दर बुधवारी दुपारी मोबाइलवर व्हिडिओ मीटिंगमध्ये बोलायची. नवरे कामावर आणि सासवा आडव्या झालेल्या असायच्या, म्हणून ती वेळ.

त्या बुधवारी मंगळवेढ्याची वच्छला बोलत होती. कॅमेरा बंद, आवाज दबलेला. "रविवारी त्यो बाजाराला गेला की मी पोरीला घिऊन निघनार हाय, ताई."

पडद्यावर तिच्या शेजारी मुक्ताबाईंच्या नावाचा काळा चौकोन होता. मुक्ताबाई केंद्रातल्या जुन्या कार्यकर्त्या. अधूनमधून घरून मीटिंग ऐकायच्या. दीक्षाला त्यात वेगळं काही वाटलं नाही. तेवढ्यात दार ढकलून मुक्ताबाईच आत आल्या.

"बाई, तुम्ही मीटिंगमध्ये आहात ना?"

"मी कुठली? माझा फोन बाहेर चार्जिंगला लावलाय की."

दीक्षानं पुढं काही न विचारता सगळ्यांचीच मीटिंग बंद केली.

दर आठवड्याला तीच लिंक. ज्याच्या हाती पडेल त्यानं हवं ते नाव टाकावं आणि आत शिरावं. वच्छलाला फोन करावा, तर तो नवऱ्यानं उचलला तर? न करावा, तर तिला कोण सांगणार? दीक्षा फोन हातात घेऊन नुसती बसून राहिली.

थोड्या वेळानं अनोळखी नंबर वाजला. उचलायलाही तिला भीती वाटली.

"ताई, वच्छला. एका बाईच्या फोनवरनं बोलतीय. तुमी असं एकदम कदी बंद करत न्हाई, म्हून मनात पाल चुकचुकली. मागनं शहाजीचा फोन आला, रविवारी कुटं निगालीस म्हनून. फोन तितंच टाकला, पोरीला शाळेतनं काढलं अन् सोलापूरच्या एसटीत बसले."

शहाजी म्हणजे तिचा नवरा. त्याच्याकडं मोटारसायकल होती. दीक्षा आणि मुक्ताबाई सोलापूरच्या स्टँडवर जाऊन थांबल्या. हेल्मेट घातलेला कुणीही माणूस आत आला, की मुक्ताबाई दीक्षाचा दंड धरायच्या. अखेर मंगळवेढ्याची गाडी लागली आणि वच्छला पोरीचा हात घट्ट धरून उतरली. पायात दोन जोडांच्या दोन चपला. दोघींना त्यांनी थेट निवारागृहात पोचवलं.

पुढचे दिवस दीक्षानं मीटिंगच्या सेटिंगमध्ये घातले. दोन्ही टोकांचं एन्क्रिप्शन चालू केलं, म्हणजे बोलणं वाटेत कुणाला, अगदी ॲप चालवणाऱ्या कंपनीलाही, उलगडता येणार नाही. पण शहाजी वाटेत कुठं होता? तो तर वच्छलाच्या फोनमधली लिंक घेऊन, मुक्ताबाईंचं नाव लावून सरळ दारातून आला होता. म्हणून तिनं दर वेळी नवी लिंक ठेवली, प्रत्येकीला आधी बाहेर थांबवायचं आणि आवाज ओळखूनच आत घ्यायचं ठरवलं. सगळ्या आल्या की मीटिंगला कुलूप. बायकांना तिनं एकेकीला गाठून सांगितलं, "आत आलात की लिंक पुसून टाका."

बुधवारी मीटिंग भरली. एन्क्रिप्शन चालू असलं की सगळ्यांच्या पडद्यावर एकच सांकेतिक आकडा येतो. तो जुळला की मधे कुणी नाही असं समजायचं. दीक्षानं आकडा वाचला, वच्छलानं निवारागृहाच्या फोनवरून तोच वाचला. अक्कलकोटच्या राजश्रीचा मात्र मधेच चुकला.

दीक्षाचं बोट मीटिंग बंद करायच्या बटणावर गेलं.

"परत वाच, राजश्री. सावकाश."

राजश्रीचा श्वास ऐकू येत होता. "नऊ न्हाय, सहा हाय की. चष्मा लावला नव्हता, ताई."

दीक्षानं बोट मागं घेतलं. "बरं," ती म्हणाली, "आज आधी कोण बोलतंय?"