भाभीची धुराची पेटी

"झाकण नोका उघडू!"

भाभीचं हे वाक्य अकोल्यातल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ होतं. ती गच्चीवरून ओरडायची आणि खाली आपली सायकल पुसत बसलेला माणूससुद्धा दचकून हात मागे घ्यायचा. झाकण होतं एका लोखंडी पेटीचं. पेटीच्या पोटात गॅसच्या तीन चुली, वर जाळी आणि त्यावर हे जाडजूड झाकण. तिचा नवरा ऑटो चालवायचा. हायवेवरच्या एका बंद पडलेल्या ढाब्याच्या भंगारातून त्यानं ती उचलून आणली. "कबाब करू," म्हणाला. एकदा केले. मग पेटीवर मोगऱ्याच्या कुंड्या बसल्या.

भाभी माझ्यापेक्षा पुष्कळ लहान, तरी मीही तिला भाभीच म्हणायची. गल्लीत एखाद्याला नाव पडलं की पडलं. आमच्या दोघींच्या गच्च्या चिकटलेल्या, मधे गुडघ्याएवढी भिंत. लोक गच्चीवर पापड वाळवतात. आम्ही दोघी तिथं अर्धा संसार करायचो. घरात ती मंडळी त्यांच्या हिंदीत बोलत, माझ्याशी वऱ्हाडीत. मी इथं त्यांचं सगळंच बोलणं वऱ्हाडीत लिहिते, त्यांची हिंदी मला धड येत नाही.

पेटीवरच्या कुंड्या उतरल्या त्या तिचे सासरे आल्यावर. अब्बा तेल्हाऱ्याकडचे. जन्मभर कापूस पिकवला. बायको गेली, बोंडअळीनं कापूस खाल्ला, वावर दुसऱ्याला कसायला दिलं. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांनी पेपर उघडायची भीती वाटावी असे ते दिवस होते. म्हातारा माणूस गावात एकटा ठेवायचा नाही, हे नवराबायकोनं ठरवलं आणि मुलगा त्यांना हाताला धरून घेऊन आला.

अब्बा इतके सज्जन, की विचारू नका. भाभीनं वरण वाढलं, "चांगलं हाय बेटा." खिमा वाढला, "चांगलं हाय बेटा." आणि अर्धी पोळी ताटात तशीच. मग हात धुऊन दाराशी बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचे, "तेल्हाऱ्याची गाडी कवा असते?"

भाभी भिंतीवर येऊन बसायची. "मावशी, पावना असा बोलते. घरचा मानूस 'मीठ कमी हाय' म्हनते. हे एक दिवस निंगून जातीन. तिथी कोन हाय त्याइले? चूल कोन पेटवीन?"

मी लोणचं दिलं. अब्बांनी त्यालाही चांगलं म्हटलं.

एकदा मात्र त्यांच्या तोंडून निसटलं. भाभीनं गॅसवर वांगं भाजून भरीत केलं होतं. ते म्हणाले, "आमी वावरातच पऱ्हाटीवर भाजो. गॅसवर धूर लागत नाही." आणि लगेच जीभ चावून, "पन हे चांगलं हाय!" पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उभी राहते ती वाळकी काडी. आमच्याकडच्यांना हे सांगितलं तर हसतील; बाकीच्यांसाठी सांगते.

त्याच दुपारी कुंड्या खाली आल्या.

पहिल्या दिवशी भाभीनं तिन्ही चुली मोठ्या केल्या, त्यावर लाकडं टाकली आणि वांगी फुटून झाकणाला चिकटली. हळूहळू तिला जमलं. एकाच टोकाची चूल पेटवायची, तीही बारीक. त्यावर पत्र्याच्या डब्यात लाकडाचे तुकडे. वांगी दुसऱ्या टोकाला. झाकण बंद. विस्तव नको, नुसता धूर. मग ती ओढणीचं टोक नाकाशी धरायची आणि डोळे मिटून निकाल द्यायची, "लागला."

पण लाकूड कोणतं? सुताराकडचा भुसा आणला, त्यात पॉलिशचा वास. आमचे हे एक घास खाऊन म्हणाले, "कपाट खाल्ल्यासारखं लागते." कडुनिंबाची फांदी घातली, ते कोणीच खाल्लं नाही. एकदा हात बसल्यावर ती थांबेना. दह्याला धूर, डाळीला धूर, शेंगदाण्यांना धूर, मिरच्यांना धूर. माझी धुणी तिच्या भिंतीलगत वाळायची. भजनाला गेले तर शेजारच्या बाई टाळ थांबवून माझ्याकडे सरकल्या. "वहिनी, घरी काय शिजून राहिलं आज?"

अब्बांचं आपलं चांगलं हाय, चांगलं हाय. आणि गाडीची चौकशी.

मग भाभीनं जे केलं, ते वऱ्हाडाबाहेर कोणी करणार नाही. "मावशी, कापसाचाच धूर पायजे ना? मंग सरकी काय वाईट हाय?" सरकी, म्हणजे कापसाचं बी, ढोरांच्या खुराकाच्या दुकानात मिळते. तिनं दोन मुठी डब्यात घातल्या. सरकी म्हणजे तेलाची गोळी! आधी एक फटकन् उडाली, मग सगळ्या. झाकण आपोआप नाचायला लागलं. काळा धूर असा निघाला, की गल्ली बाहेर आली. नवऱ्यानं धावत येऊन सिलिंडर बंद केलं. अब्बा जिना चढून वर आले, कोळसा झालेल्या वांग्यांकडे पाहिलं आणि सवयीनं म्हणाले, "चांगलं हाय बेटा."

भाभी पोट धरून हसली. अब्बा खाली गेल्यावर रडली.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, चल, माझ्या भावाकडे जाऊ. त्या साली जो तो सोयाबीन पेरून बसला होता, पण मूर्तिजापूरजवळ माझा भाऊ हट्टानं चार तासं, म्हणजे चार ओळी, कापूस लावायचा. आम्ही दोघींनी पऱ्हाटीचा भारा बांधला आणि बसला हात केला. कंडक्टरनं दारातच अडवलं.

"बाई, सारं अकोलं गॅसवर रांधून राहिलं, अन् तुमी काड्या काहून नेता?"

"गॅसवरच ठेवाच्या हायेत, भाऊ," भाभी म्हणाली.

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बसा," म्हणाला. "एकदम मागं बसा."

भाभीला कोणीतरी सांगितलं होतं, लाकूड भिजवलं की धूर जास्त वेळ टिकतो. तिनं रात्रभर पऱ्हाटी बादलीत घातली. सकाळी पेटी पेटली. धूर निघाला, पांढरा, दाट, दह्यासारखा. तिनं वांगी सोलली, मिरची, लसूण, कांद्याची पात कुटून घातली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी केल्या. गच्चीवरच पंगत बसली. अब्बांनी घास घेतला.

चावता चावता थांबले. बाजूला थुंकले.

"कडू जहर! कोनं भिजवली पऱ्हाटी? अवं, वल्ली काडी कवा धूर देते का? नुसते डोये फोडते! जन्मात कोनी भिजवली नसन पऱ्हाटी! सरक. सरक तिकडं!"

भाभी तोंडावर हात धरून उभी. मला वाटलं, आता ही रडणार. एवढी खटपट, बसमधला तमाशा, आणि हे. मी तिच्याजवळ सरकले तर तिनं मला असा चिमटा काढला, की दोन दिवस वण होता.

"मावशी," ती कुजबुजली, पोरगं बोर्डात पहिलं आल्यासारखी, "कडू म्हनले!"

तोवर अब्बा बाह्या वर करून पेटीजवळ पोचले होते. उरलेल्या काड्या उन्हात टाकल्या, दोन सुक्या शोधून डब्यात मोडल्या आणि झाकणाला हात घातला.

"झाकण नोका उघडू, अब्बा!"

"उघडीन! वांगं दिसल्याबिगर भाजते का कोनी?"

"धूर जाते ना सारा!"

"जाऊ दे! तुह्या बापाचा हाय का धूर?"

हे भांडण नंतर कितीक वर्षं चाललं. दर रविवारी एक वांगं झाकून भाजलेलं, एक उघड्यावर, आणि दोन्ही वाट्या भिंतीवरून माझ्याकडे निकालाला. मी भाकरी संपेपर्यंत निकाल द्यायची नाही. अब्बांना आता वरणात मीठ कमी लागायचं, पोळी जाड लागायची, चहा पाणचट लागायचा. भाभी ऐकून घ्यायची आणि दुसरी पोळी वाढायची. तेल्हाऱ्याची गाडी कवा असते, हे त्यांनी पुन्हा कोणाला विचारलं नाही.

मग तिच्या नवऱ्याला अमरावतीत काम मिळालं आणि एका सकाळी सामानाचा टेम्पो दाराशी लागला. अब्बांसाठी ड्रायव्हरशेजारची जागा राखलेली. पण ते मागे चढून सामानात बसले, पेटीला टेकून. गल्ली निरोपाला जमली. मी आपली थट्टा केली, "अब्बा, अमरावतीले कुठी चालले? तेल्हाऱ्याले नाही जायचं का?"

ते वाकून माझ्या कानाशी आले. ऐकू कमी यायचं त्यांना, त्यामुळे त्यांची कुजबुज सगळ्या गल्लीनं ऐकली.

"कसा जाऊ, बाई? या पोरीले अजून काही येत नाही. मी गेलो तं हे लोकं खातीन काय?"

भाभी आमच्याकडे पाठ करून दोरी आवळत होती. तिचे खांदे जरा हलले.

"खरं हाय अब्बा," ती म्हणाली आणि गाठ मारली. "मले कुठी काय येते."