मामांचं नाक

अजमानपासून फुजैऱ्यापर्यंत डिझेल इंजिनं उघडणारे हात हजारो असतील, पण नुसत्या वासावरून इंजिनाचं दुखणं सांगणारं नाक सबंध अमिरातीत एकच होतं, आणि ते माझ्या बायकोच्या मामांना लाभलं होतं. मामा अजमानच्या एका गॅरेजात हेड मेकॅनिक. आमच्याकडे जेवायला आले की चपला काढायच्या आधीच जाहीर करत, "सुरमई कालची आहे." बायको चिडायची, कारण ती खरंच कालची असायची. चर्चमध्ये मिसा चालू असताना बाहेरच्या बसचा धूर आत आला की माझ्या कानाशी लागत, "कच्चं डिझेल. नोझल गळतंय."

माझा जेवणाच्या डब्यांचा धंदा एका जुन्या डिझेल पिकअपवर चालतो. एकदा जेवताना मी तोऱ्यात म्हणालो, "मामा, लोकांच्या गाड्या ऑइल पितात. माझ्या गाडीत उलट वाढतंय!" मामांचा घास हातातच राहिला. "जावई, लॉटरी नाही लागली, गाडीला सूज आलीय. यल्ला, चला, चावी द्या." खाली येऊन त्यांनी ऑइलची पट्टी ओढली, डोळे मिटून हुंगली आणि एक थेंब टिश्यूवर टाकला. थेंबाभोवती डिझेलचं फिकट कडं पसरलं; म्हणजे ऑइलमध्ये डिझेल उतरत होतं. मग इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल करत गेले. तिसऱ्याला इंजिनाची टकटक थांबली. "हाच चोर. आठवडाभर अजून चालवली असती तर इंजिन खलास." दुसऱ्या दिवशी इंजिन उघडलं, तर पिस्टनचा माथा नुकताच करपू लागला होता. माझा धंदा त्या नाकाने वाचवला, हे मी आजही कुणालाही सांगतो.

गेल्या हिवाळ्यात मामांना ताप आला. त्यानंतर ते सुरमईबद्दल बोलेनासे झाले. आम्हाला वाटलं, वय झालं, माणूस निवळला. एका दुपारी मी गॅरेजात गेलो, तर फुजैऱ्याहून आलेलं एका मासेमारी बोटीचं इंजिन समोर होतं. गॅरेजचा मालक म्हणाला, "उस्ताद, बोलो, क्या है?" मामांनी पट्टी बराच वेळ हुंगली आणि हसत माझ्यासमोर धरली. "जावई, बघू काही शिकलात का." मला डिझेलचा वास आला. तसं मी सांगितलं. "बरोबर," मामा म्हणाले.

मालक गेल्यावर ते हळूच बोलले, "तापापासून काहीच वास येत नाही हो."

"टिश्यू आहे की, मामा."

"टिश्यू कोणीही टाकेल. मला नाकासाठी ठेवलंय."

त्याच आठवड्यात त्यांनी मालकाला खरं सांगून टाकलं. मालक थांबा म्हणत होता, पण मामा थांबले नाहीत. नोकरी सोडून गावी, वसईला निघून गेले. मला फार वाईट वाटलं.

आता दर रविवारी फोन येतो. कसे आहात वगैरे नंतर. आधी, "पट्टी हुंगलीत?" मी खाली जाऊन हुंगतो आणि सांगतो, "डिझेलचा वास नाही येत, मामा." "मग ठीक."

परवा मात्र त्यांनी विचारलं, "आणि घरात कसला वास येतोय?" मी म्हटलं, "कोकमाचा, नारळाच्या रसाचा, सुरमईचा."

"कालची आहे ना?" मामा म्हणाले.

कालचीच होती.